सर्पगंधेला जगासमोर नेणारे डॉ. रुस्तम वकील

उच्च रक्तदाबावर परिणामकारक औषध वैद्यकाच्या हाती जवळजवळ नव्हते, त्या काळात मुंबईच्या एका पारशी हृदयरोगतज्ज्ञाने देशी वनस्पतीच्या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले. वनस्पती होती सर्पगंधा आणि डॉक्टर होते रुस्तम जाल वकील.

डॉ. वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत झाला. लंडनमध्ये उच्च वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि केईएम रुग्णालयाशी जोडले गेले. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो व मनोरुग्ण शांत होतात, हे कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची दखल घेतली नव्हती. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांना या मुळीच्या गोळ्या देऊन रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीही हे औषध वापरून पाहिले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील अनुभव मांडले. पाठोपाठ प्रयोगशाळांतील उंदरांना रेसर्पिन देऊन त्यांच्या वर्तनाचे मोजमाप सुरू झाले.

उंदराची भीती मोजण्याची एक रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी १९३४ मध्ये घालून दिली होती. उजेड असलेल्या मोकळ्या रिंगणात उंदीर सोडायचा आणि त्याचे मलमूत्रविसर्जन नोंदवायचे. घाबरलेल्या उंदराच्या लेंड्या वाढतात, तो भिंतीला चिकटून राहतो. पुढे जमिनीवर चौकटी आखून त्याने किती रेषा ओलांडल्या, हेही मोजले जाऊ लागले.

रेसर्पिन दिलेले उंदीर मात्र जवळजवळ हलतच नसत. मग त्यांची भीती गेली म्हणायचे, की केवळ हालचाल थांबली? १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी अशा निश्चल प्राण्यांना एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हिंडूफिरू लागले. रेसर्पिनने मेंदूतील संदेशवाहक रसायनांचा साठा रिता केला होता. ती मनःशांती नव्हती. मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्या काही रुग्णांत आढळलेल्या औदासीन्यानेही हा प्रश्न गंभीर केला. १९८० च्या दशकात अधिकच्या चिन्हासारखा उंच मंच रूढ झाला. त्याच्या दोन भुजा उघड्या, दोन भिंतींनी बंद असतात. उघड्या भुजेत उंदीर किती वेळ थांबला यावरून भीती, तर एकूण प्रवेशांवरून हालचाल अजमावली जाते. निश्चल उंदीर निर्भय असतोच असे नाही, हा धडा प्रयोगशाळांना शिकवण्यात रेसर्पिनचा मोठा वाटा होता.

डॉ. वकील यांना १९५७ मध्ये क्लाइन आदींसह लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिनचा वापर ओसरला. परंतु परंपरेने सांगितलेला गुण मोजून, नोंदवून आणि जगापुढे तपासणीसाठी ठेवून सिद्ध करण्याची डॉ. वकील यांची रीत आजही तितकीच आवश्यक आहे.