चरित्र भेट देणारा शिक्षक : दादा केळूसकर

बाबासाहेबांनी लहानपणी कोणाचे चरित्र वाचले होते, हा प्रश्न आपल्या निवासी शाळेतील एखादा तरी विद्यार्थी मला दरवर्षी विचारतो. उत्तर ठाऊक असलेले आहे : तथागत गौतम बुद्धांचे. परंतु ते चरित्र लिहिले कोणी आणि त्या मुलाच्या हाती ठेवले कोणी, हे विचारले की वर्ग शांत होतो. दोन्ही कामे एकाच शिक्षकाने केली होती. त्यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळूसकर.

केळूसकरांचा जन्म १८६० साली झाला. वेंगुर्ल्याजवळचे केळूस हे त्यांचे गाव. पुढे मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि त्या नोकरीच्या जोडीने आयुष्यभर लेखन केले. ग्रंथरचना ही मूठभरांची मिरास मानली जात होती त्या काळात बहुजन समाजातील या शिक्षकाने संत तुकाराम, गौतम बुद्ध आणि छत्रपती शिवाजी महाराज यांची चरित्रे मराठीत सिद्ध केली. ही निवडच पुरेशी बोलकी आहे. शिवचरित्राच्या आधारे प्रा. ताकाखाव यांनी केलेला इंग्रजी ग्रंथ १९२१ साली निघाला आणि महाराजांचे चरित्र मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचले. त्या ग्रंथावर लेखक म्हणून नाव मात्र ताकाखावांचे आहे. मूळ ग्रंथकार केळूसकर असल्याचा उल्लेख त्याखाली येतो.

बुद्धचरित्र त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिले. ते १८९८ साली प्रसिद्ध झाले. लेणी डोंगरोडोंगरी उभी असूनही ती कोणी व कशासाठी कोरली याचा विसर पडलेला तो महाराष्ट्र होता. अशा काळात एखादे लहानसे चरित्रही केवढे काम करी, याचे दुसरे उदाहरण गोव्याचे. धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोध’ मासिकात बुद्धांचे छोटे चरित्र वाचले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली.

भिमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वाचायला निवांत जागा नाही, म्हणून शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. केळूसकरही तेथे येत. रोज पुस्तकात बुडालेल्या या मुलाची त्यांनी विचारपूस केली. तो अस्पृश्य समाजातील आहे हे कळल्यावर दूर सरकणारे त्या मुंबईत पुष्कळ होते. केळूसकरांनी त्याला पुस्तके द्यायला आरंभ केला.

पुढे सत्काराची सभा झाली. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावे लागते. चरित्रकारांच्या मते ही सभा १९०७ साली मॅट्रिकच्या यशानंतर भरली आणि अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. स्वतः बाबासाहेबांनी मात्र ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला असून अध्यक्ष दादा केळूसकर होते असे नमूद केले आहे. सुभेदार रामजींना हा सत्कार मान्य नव्हता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल असे त्यांना वाटे. केळूसकर त्यांचे स्नेही. त्यांनी रामजींचे मन वळवले, तेव्हा सभा झाली. वर्षाविषयी व अध्यक्षांविषयी मतभेद राहोत. केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले, याविषयी मतभेद नाही. (मॅट्रिकला भिमरावांना ७५० पैकी २८२ गुण होते, हे गुणपत्रिका हाती घेऊन शाळेत येणाऱ्या आपल्या पालकांसाठी मुद्दाम नोंदवतो.)

पुस्तक वाचून भिमराव भारावला आणि त्याने थेट वडिलांनाच प्रश्न केला. रामायण-महाभारत आग्रहाने वाचून घेता, मग बौद्ध साहित्याची ओळख आम्हाला का करून दिली नाही? घरातील शिस्त कडक होती. तरीही प्रश्न विचारला गेला. माझ्या दृष्टीने त्या भेटीचे खरे मोल येथे आहे.

केळूसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटर उत्तीर्ण झाल्यावर पुढील शिक्षणाचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, भिमरावाला त्यांच्या भेटीस नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्या बळावर पदवी पूर्ण झाली आणि १९१३ साली बडोद्याच्याच साहाय्याने ते अमेरिकेस रवाना झाले. बोले यांनीही पुढे १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला. आपल्याच जिल्ह्यातील महाडचा १९२७ चा सत्याग्रह त्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता.

केळूसकरांचे निधन १९३४ साली झाले. येवल्याची घोषणा त्यांना ऐकायला मिळाली नाही. ती पुढच्या वर्षीची. नागपूरची दीक्षा तर बावीस वर्षांनंतरची.

त्या दीक्षेच्याच वर्षी, १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या प्रस्तावनेत त्या सभेची व त्या पुस्तकाची आठवण कृतज्ञतेने लिहून ठेवली. १९५७ साली ग्रंथ छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. दादा केळूसकरांचे नाव त्या ग्रंथाच्या वाचकांपर्यंत पोहोचायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.