साधनांची टंचाई आणि देवलांची तालीम

माध्यमिक शाळांतून नाटक का शिकविले जात नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. सभागृह नाही, पडदे नाहीत, प्रकाशयोजना नाही आणि या सर्वांसाठी पैसा नाही. देवणीसारख्या कर्नाटकच्या सीमेलगतच्या तालुक्याच्या गावी हे उत्तर अगदीच खोटे म्हणता येणार नाही. परंतु ते पुरेसे आहे काय? या प्रश्नाचा निवाडा करताना, अशाच एका सीमाभागात शिक्षकी करून पुढे मराठी रंगभूमीचे गुरुपद भूषविणाऱ्या गोविंद बल्लाळ देवल यांचे चरित्र उद्बोधक ठरते.

देवलांचा जन्म १८५५ सालचा. त्यांचे बालपण सांगलीजवळील हरिपूर येथे गेले. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, तिच्या परिसरात ते वाढले. पुढे बेळगाव येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली. तेथेच त्यांना बलवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. किर्लोस्करांनीही काही काळ शिक्षकी केली होती. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून त्यांनी संगीत नाटकाचे युग सुरू केले, आणि अवघ्या पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, ते निवर्तले. गुरूच्या पश्चात त्या परंपरेचा भार ज्यांनी उचलला, त्यांत देवल अग्रगण्य होते.

देवलांनी एकूण सात नाटके लिहिली. त्यांपैकी सहा परक्या आधारावरची. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ त्यांनी मराठीत आणले, शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि मर्फी या आयरिश नाटककाराच्या प्रहसनावरून ‘संशयकल्लोळ’ रचले. कथानक उसने घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारण त्यांची स्वतःची मिळकत भाषेत होती. त्यांची पात्रे घरात, ओसरीवर बोलावे तसे बोलतात. पल्लेदार संस्कृतप्रचुर संवादांची प्रतिष्ठा असलेल्या काळात हे धैर्याचे काम होते. एकमेव स्वतंत्र नाटक ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला वृद्धाच्या गळ्यात बांधू पाहणारा बाप आणि त्या सौद्यातील मध्यस्थ यांचे त्यातील चित्र इतके ओळखीचे होते, की जरठ-बाला विवाहाच्या निषेधाला एक नावच मिळाले. पुढे १९२९ मध्ये संमत झालेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘सारडा कायदा’ म्हणत, ते हरविलास सारडा यांच्यावरून. तरीही पुष्कळांना त्याचा संबंध या नाटकाशीच असावा असे वाटत राहिले, यातच नाटकाचा प्रभाव दिसून येतो.

परंतु नाटककार देवलांइतकेच, किंबहुना शिक्षणाच्या दृष्टीने अधिक, महत्त्व आहे ते तालीममास्तर देवलांना. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. दिवे तेलाचे आणि बेताचे. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द पोहोचवायचा तो नटाच्या कंठानेच. वाक्याचा अर्थ काय, कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, समोरचा बोलत असताना कसे ऐकायचे, याची घोटीव तयारी म्हणजे तालीम. तिला पडदा लागत नाही. लागतो जाणता शिक्षक आणि त्याचा वेळ. गणपतराव बोडस आणि बालगंधर्व यांच्यासारखे नट देवलांच्या हाताखाली तयार झाले. कंपनीत दाखल होणारी मुले बहुधा शाळा सोडून आलेली असत. तालमीची जागा हीच त्यांची शाळा. १४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात रंगभूमीवर आणले, पण ते यश पाहण्यास ते उरले नव्हते.

या चरित्राचा सोयीस्कर अर्थ असा काढता येईल, की चांगला शिक्षक असला म्हणजे पैशाची गरजच नाही. तो अर्थ फसवा आहे. नाटक कंपनी तालीममास्तर पोसत असे, आणि मुलांचा सारा दिवस तालमीला देत असे. तो खर्चच होता. फक्त तो विटा-पडद्यांवर नसून माणसाच्या श्रमावर होता. आपल्या शाळांची गणना नेमकी येथे चुकते. स्नेहसंमेलनापूर्वी दोन-तीन आठवडे मराठीच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकाने शाळा सुटल्यावर, विनामोबदला, नाटक ‘बसवावे’ अशी अपेक्षा असते. मग भाड्याचे पोशाख आणि कर्ण्यांची जोडी यांवर पैसा खर्च होतो, आणि मुले पाठांतर म्हणून मोकळी होतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेला अध्यापनाशी जोडण्याचा पुरस्कार आहे. त्याचा प्रत्यय देवणीच्या वर्गात यावयाचा असेल, तर रंगमंदिराची वाट पाहण्याचे कारण नाही. वेळापत्रकात आठवड्याला दोन तास आणि त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक, एवढी मागणी पुरेशी आहे. ज्या गावाच्या नावाने गाई-बैलांची एक जात देशभर ओळखली जाते, तेथे जातिवंत खोंडालाही औताची सवय लावावी लागते हे वेगळे सांगावयास नको. येथील मुलाच्या कानावर मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्हींचे संस्कार होतात. त्याच्या जवळ भाषेची श्रीमंती आहे. उणीव आहे ती चारचौघांत उभे राहून ती बोलण्याच्या सवयीची. महाविद्यालयात आणि नोकरीच्या मुलाखतीत हाच मुलगा ज्ञान असूनही गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत त्याचे कुटुंब भरते. घरच्या बोलीला रंगभूमीवर प्रतिष्ठा देणाऱ्या देवलांचे स्मरण करावयाचे, तर ते जयंतीच्या हारापेक्षा वेळापत्रकातील त्या दोन तासांनी करणे अधिक उचित होईल.