हिंवतापाचें मूळ शोधणारे रोनाल्ड रॉससाहेब

थंडी भरून येणारा व घाम सुटून उतरणारा पाळीचा ताप आपल्या खेड्यांस नवा नाहीं. परगांवाहून आलेल्या माणसास तो आला म्हणजे तेथलें पाणी लागलें असें लोक म्हणत. रानांत राहणारास आला म्हणजे वाईट हवा बाधली म्हणत. आणि कित्येक जण दैवताचा कोप समजून गंडेदोरे बांधीत. युरोपांतील विद्वान वैद्यांची समजूतही पुष्कळ काळ याहून फारशी निराळी नव्हती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच वाईट हवा असा आहे. ही समजूत खोटी ठरविण्याच्या कामीं ज्यांनीं मुख्य भाग घेतला, त्या सर रोनाल्ड रॉस यांस आधीं स्वतःचीच समजूत टाकावी लागली. म्हणून त्यांचें चरित्र आपण जाणून घेण्याजोगें आहे.

रॉससाहेबांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं हिमालयांतील अलमोडा येथें झाला. वडील हिंदी सैन्यांत अधिकारी होते. आठव्या वर्षीं त्यांस शिक्षणासाठीं विलायतेस पाठविण्यांत आलें. त्यांचा ओढा काव्य व चित्रकला यांकडे होता. तरी वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते वैद्यक शिकले व १८८१ सालीं हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यांत रुजू झाले. १८८३ सालीं बंगळूर येथें त्यांच्या बंगल्यांत डांसांचा फार उपद्रव होता. खिडकीबाहेरील पिंपांत अळ्या वळवळतांना पाहून त्यांनीं तें पाणी ओतून दिलें, तों डांस कमी झाले. मात्र डांसांचा तापाशीं कांहीं संबंध असेल, हें त्या वेळीं त्यांच्या ध्यानींमनींही नव्हतें.

१८८० सालीं अल्जीरियांत लाव्हेरां नांवाच्या फ्रेंच वैद्यानें तापकऱ्यांच्या रक्तांत सूक्ष्म जंतु पाहिले होते. रॉससाहेबांचा यावर विश्वास नव्हता. हा ताप आंतड्यांतील बिघाडामुळें येतो असें त्यांचें मत होतें. परंतु १८९४ सालीं लंडनमध्यें डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्रांतून ते जंतु त्यांस दाखविले, तेव्हां त्यांनीं आपलें मत सोडून दिलें.

हत्तीरोगाचे जंतु डांसाच्या पोटांत वाढतात असें मॅन्सन यांनीं पूर्वीं चीन देशांत पाहिलें होतें. त्यावरून हिंवतापाचे जंतुही डांस वाहून नेत असावेत असा त्यांचा तर्क होता. मात्र डांस पाण्यांत मरतो व तें पाणी प्याल्यानें माणसास ताप येतो असें त्यांस वाटे. म्हणजे पाणी लागण्याची कल्पना एवढ्या थोर गुरूसही सुटली नव्हती! रॉससाहेबांनीं १८९५ सालीं सिकंदराबाद येथें याची परीक्षा केली. डांस मेलेलें पाणी कांहीं माणसांस पाजलें. एकास थोडा ताप आला, पण पुढील प्रयोगांत ही गोष्ट सिद्ध होईना. तेव्हां गुरूची कल्पनाही त्यांस बाजूला ठेवावी लागली.

पुढें दोन वर्षें ते डांस चिरून पाहत राहिले. यंत्राचे स्क्रू घामानें गंजले, कांच तडकली. डांस उडून जाऊं नयेत म्हणून उन्हाळ्यांतही पंखा बंद ठेवीत. हुसेनखान नांवाचा एक तापकरी दर डांसामागें एक आणा घेऊन आपणांस चावून घेऊं देई. त्याचें रक्त प्यालेल्या ठिपकेदार पंखांच्या डांसाच्या जठराच्या भिंतींत २० ऑगस्ट १८९७ रोजीं रॉससाहेबांस हिंवतापाच्या जंतूंचे काळे कण दिसले. हा डांस ॲनॉफेलीस जातीचा होता.

लवकरच त्यांची बदली राजपुतान्यांतील खेरवाड्यास झाली व काम थांबलें. १८९८ सालीं ते कलकत्त्यास आले. तेथें प्लेगची धास्ती पसरली होती. साहेब प्लेगची लस टोंचतो अशा संशयानें लोक बोटाचें थेंबभर रक्त देईनात. तेव्हां त्यांनीं पक्ष्यांच्या हिंवतापाकडे लक्ष वळविलें. महंमद बक्ष नांवाचा साहाय्यक त्यांच्या हाताखालीं होता. जुलै महिन्यांत जंतु डांसाच्या लाळेच्या पिंडांत येतात असें दिसलें, व तसे डांस चावल्यावर निरोगी चिमण्यांस रोग जडला. रोग पाण्यानें नव्हे, दंशानें जातो हें सिद्ध झालें. त्याच वर्षीं इटलीत ग्रासी प्रभृतींनीं माणसांविषयीं तेंच दाखविलें. श्रेयाविषयीं त्यांचा व रॉससाहेबांचा कडू वाद पुष्कळ दिवस चालला.

१९०२ सालीं रॉससाहेबांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील आयुष्य त्यांनीं डांसांच्या नायनाटास वाहिलें. १९०७-०८ सालीं ते मॉरिशस बेटांत गेले. आपल्या कोंकणांतूनही मजूर जेथें उंसाच्या मळ्यांवर गेले होते, तेंच हें बेट. तेथें त्यांनीं मुलांची पोटें चांचपून किती जणांची पाणथरी वाढली आहे हें मोजलें व त्यावरून गांवोगांवच्या हिंवतापाचें प्रमाण ठरविलें. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, ज्ञान झालें म्हणजे रोग गेला असें नव्हे. १९४७ च्या सुमारास हिंदुस्थानांत दरसाल साडेसात कोटी लोकांस हिंवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ पासून सरकारनें मोहीम चालविली व रोग फार घटला; मग हयगय झाली, आणि १९७६ सालीं रोगी पुनः ६४ लाखांवर गेले. २०२३ सालीं जगांत सुमारें सहा लाख माणसें या रोगानें मेलीं. त्यांत आफ्रिकेंतील लहान मुलेंच फार.

चुकीची समजूत असणें ही लाज नव्हे. रॉससाहेबांची होती, त्यांच्या गुरूचीही होती. डोळ्यांनीं पाहिल्यावरही ती न सोडणें हीच हानि. अंड्यापासून डांस होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस रांजण व पिंपें कोरडीं करावीं, दारापुढील डबकें बुजवावें, रात्रीं मुलांस मच्छरदाणींत निजवावें, आणि थंडीताप येतांच गंडा न बांधतां रक्त तपासून घ्यावें. पंधरा दिवस तापानें फणफणलेल्या लेंकराची पाणथरी चांचपण्यापेक्षां पिंपांतलें पाणी ओतून देणें पुष्कळ सोपें आहे.