सहा ठिपक्यांची विश्वलिपी
पॅरिसजवळील कूव्रे या गावी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांची जिने बनवीत. त्यांच्या कामाच्या खोलीत खेळताना तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात आरी घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली.

१८१९ मध्ये ते पॅरिसच्या शाही अंधविद्यालयात दाखल झाले. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. ती डोळसांनी कल्पिलेली सोय होती. चाचपून वाचणे कष्टाचे आणि लिहिणे जवळजवळ अशक्य. माजी लष्करी अधिकारी शार्ल बार्बिये यांनी बारा उठावदार ठिपक्यांची पद्धत सुचविली. पण तिची खूण बोटाच्या एका स्पर्शात मावेना. ब्रेल यांनी १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, ठिपके सहावर आणले. त्यांच्या ६३ रचनांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, इतकेच नव्हे तर संगीतही बसले.

पुढे ते तेथेच शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. विद्यालयाने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हे ठिपके कोणत्याही भाषेच्या अक्षरवळणाशी बांधलेले नाहीत. त्यामुळेच १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल निश्चित करता आली. रोमन 'के'ची खूणच मराठीत 'क' झाली. बोटाच्या मापाने घडविलेली ही लिपी अशी मराठी अंध वाचकांचीही झाली.