बुडालेल्या जहाजाचा साक्षीदार

गेलेले जहाज परत आले नाही, ही कल्पना माणसाला फार पूर्वीपासून झपाटत आली आहे. ग्रीक पुराणातला नावाडी खारोन मृतांना नदीपार नेतो. युरोपीय खलाशांच्या दंतकथेतले 'फ्लाइंग डचमन' हे जहाज केप ऑफ गुड होपच्या वादळात कायमचे भटकत राहते. अशा शापित प्रवासाची सर्वात भव्य कथा मला वाटते ती 'मोबी डिक'ची. आणि ती लिहिणाऱ्या हर्मन मेलव्हिलचे आयुष्यही त्याच कथेसारखे आहे.

त्याचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडिलांचा व्यापार बुडाला आणि १८३२ मध्ये ते वारले, तेव्हा हर्मन अवघा बारा वर्षांचा होता. त्याला बँकेत कारकुनी करावी लागली. पुढे त्याने काही दिवस मास्तरकीही केली. १८३९ मध्ये तो व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून लिव्हरपूलला जाऊन आला आणि जानेवारी १८४१ मध्ये 'अकुश्नेट' या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर चढला. त्या काळी देवमाशाच्या तेलावर दिवे जळत, म्हणून ही जहाजे वर्षानुवर्षे समुद्रावर राहत.

या सफरीत त्याच्या हाती एक लहानसे पुस्तक आले. २० नोव्हेंबर १८२० रोजी 'एसेक्स' या जहाजाला पॅसिफिक महासागरात एका देवमाशाने धडक देऊन बुडविले होते. वीस माणसे तीन होड्यांत उतरली. उपासमारीने त्यांच्यावर मेलेल्या सोबत्यांचे मांस खाण्याची पाळी आली. शेवटी आठजण वाचले. त्यांपैकी ओवेन चेस याने ही हकीकत लिहिली होती, आणि ते पुस्तक मेलव्हिलला भर समुद्रात दिले ते चेसच्याच मुलाने.

१८५१ साली 'मोबी डिक' प्रसिद्ध झाली. कप्तान एहॅबचा पाय एका पांढऱ्या देवमाशाने तोडला आहे. सूडापोटी तो 'पेक्वॉड' जहाज आणि त्यावरील सर्वांचे प्राण पणाला लावतो. जहाजावर नाना देशांची माणसे आहेत. फेदल्ला नावाचा एक पारशीही आहे. इशारे कितीतरी मिळतात. 'रेचल' या जहाजाचा कप्तान आपला हरवलेला मुलगा शोधण्यासाठी मदत मागतो, तीही एहॅब नाकारतो. स्टारबक या अधिकाऱ्याला हे चुकते आहे हे कळते. झोपलेल्या कप्तानासमोर तो बंदूक घेऊन उभाही राहतो, पण ती परत ठेवून देतो. बाकीचे खलाशी डोलकाठीवर ठोकलेल्या सोन्याच्या नाण्याकडे बघत राहतात. मला वाटते, ते जहाज देवमाशाने फोडण्याआधीच सर्वांच्या गप्प बसण्याने बुडाले होते.

एकटा इश्माएल वाचतो, तोही मित्रासाठी केलेल्या शवपेटीच्या आधाराने. त्याला उचलून घेते ते 'रेचल'च, मुलाला शोधत फिरणारे.

लंडनच्या आवृत्तीत मात्र हा शेवटचा मजकूरच छापला गेला नाही. सारेच बुडाले तर गोष्ट सांगतो कोण, असे तिथल्या टीकाकारांनी विचारले. मेलव्हिलच्या हयातीत या कादंबरीच्या सव्वातीन हजारांच्या आसपासच प्रती खपल्या. १८६६ पासून १८८५ पर्यंत, एकोणीस वर्षे, तो न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षक म्हणून दिवसाला चार डॉलरवर राबला. एकेकाळी स्वतः खलाशी असलेला तो आता दुसऱ्यांच्या जहाजांवरचा माल तपासत होता. १८६७ मध्ये त्याचा थोरला मुलगा घरातच बंदुकीच्या गोळीने गेला. २८ सप्टेंबर १८९१ रोजी मेलव्हिल वारला, तेव्हा जग त्याला जवळजवळ विसरले होते. १९१९ मध्ये त्याची जन्मशताब्दी आली आणि त्यानंतर लोक त्याच्याकडे पुन्हा वळले. 'बिली बड' ही त्याची अखेरची कथा तर १९२४ मध्ये प्रथम छापली गेली.

शिकारीचे जहाज हेच आपले कॉलेज, असे त्याने इश्माएलकडून वदविले आहे. हे वाचताना मी थबकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे आजोबा आणि वडील ज्या शाळेत शिकले ती कष्टांची होती, आणि तिथले त्यांनी कुठेच लिहून ठेवलेले नाही. घरी कधी मी त्यांना विचारलेही नाही.

आपल्या भाषेत 'वाचणे' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचतो तोही वाचलेला, आणि बुडता बुडता तरतो तोही वाचलेला. जो वाचला त्याने मागे राहिलेल्यांची हकीकत सांगायची असते, एवढे मी मेलव्हिलकडून शिकलो. या सुट्टीत मी वही घेऊन वडिलांजवळ बसणार आहे.