डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

आंध्र प्रदेशातील भीमवरम् या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. काशीस जाऊन यात्रेकरूंना केळी विकावी व पुष्कळ धन मिळवावे, असा बेत करून लहानपणी ते एकदा घरातून निघाले. आईने त्यांना वाटेतूनच परत आणले आणि पुन्हा शाळेत धाडले. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले. पण त्यांनी धीर सोडला नाही. तिसऱ्या खेपेस ते उत्तीर्ण झाले.

पुढे ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ते खादी वापरीत. त्यामुळे एका प्राध्यापकांचा रोष ओढवला आणि त्यांना कमी दर्जाच्या पदवीवर समाधान मानावे लागले. त्याच सुमारास संग्रहणीच्या रोगाने त्यांचा एक भाऊ दगावला. ते स्वतःही त्याच रोगातून मोठ्या कष्टाने वाचले. अशा रोगांचे मूळ शोधून काढावे, ही तळमळ त्यांच्या मनात निर्माण झाली.

सासऱ्यांनी पैशाची मदत केली आणि १९२३ साली सुब्बाराव अमेरिकेस गेले. रात्री रुग्णालयात हलकीसलकी कामे करावी आणि दिवसा हार्वर्ड विद्यापीठात शिकावे, असा त्यांचा क्रम होता. तेथे सायरस फिस्क या शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. रक्तात स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, किती आहे हे अचूक मोजण्याची रीत त्यांना शोधावयाची होती. १९२५ साली दोघांनी ती प्रसिद्ध केली. विशिष्ट रसायने मिसळताच द्रव निळा होई. स्फुरद जितके अधिक, तितका रंग गडद.

हीच रीत त्यांनी स्नायूंच्या अर्काला लावून पाहिली. तेव्हा एक नवल दिसले. निळा रंग एकदम न येता हळूहळू गडद होत गेला. प्रयोगात चूक झाली असावी, असे म्हणून दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. या दोघांनी मात्र विलंबाचे कारण शोधले. स्नायूत स्फुरदाचा एक नाजूक संयुग होता. तो हळूहळू फुटत असल्यामुळे रंगास वेळ लागत होता. स्नायू काम करू लागला की हा संयुग कमी होई. विश्रांती मिळाली की पुन्हा वाढे. १९२७ साली जगाला फॉस्फोक्रिएटिनची ओळख झाली. स्नायूंना शक्ती कशी मिळते, याविषयीच्या जुन्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

१९२९ साली त्यांना स्नायूत आणखी एक संयुग आढळला. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही तो सापडला. त्याचे नाव अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात ए. टी. पी. याचे खरे महत्त्व पुढील काही वर्षांत इतर शास्त्रज्ञांनी उलगडले. पेवात धान्य भरपूर असले, तरी ते घेऊन बाजारातला प्रत्येक जिन्नस विकत घेता येत नाही. धान्य विकून सुटी नाणी कनवटीस लावावी लागतात. शरीरातही तसेच घडते. पेशी अन्नाचे प्राणवायूच्या साहाय्याने सावकाश ज्वलन करतात आणि मिळालेली शक्ती ए. टी. पी.मध्ये साठवतात. ए. टी. पी.मध्ये स्फुरदाचे तीन गट असतात. शेवटचा गट सुटला की पेशीला कामापुरती शक्ती मिळते; अन्नाच्या शक्तीने तो गट पुन्हा जोडला जातो. वनस्पती, प्राणी, सूक्ष्म जंतू, सर्वांचा व्यवहार याच नाण्यावर चालतो.

एवढे कार्य करूनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमचे पद मिळाले नाही. १९४० साली ते लेडर्ले या औषधे बनविणाऱ्या संस्थेत गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. ज्या संग्रहणीने भावाचा बळी घेतला होता, तिच्यावर ते गुणकारी ठरले. हत्तीरोगावरील औषधही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांचे झोपेतच निधन झाले. मायदेशी परतणे त्यांना कधीच साधले नाही; पत्नीची भेटही पुन्हा झाली नाही. मोठे मानसन्मान त्यांच्या वाट्यास आले नाहीत आणि त्यांनी ते मागितलेही नाहीत. परंतु खेळताना मुले धावतात, शेतकरी नांगर धरतो, अगदी झोपेत हृदय धडधडते, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनी शोधलेला तो संयुगच शक्ती पुरवीत असतो.