विश्लेषण : फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, होमी भाभा आणि खोडदच्या डिश… काय आहे हे नाते?

पुणे-नाशिक रेल्वेची वाट मोशी-चाकण पट्ट्यातील कामगार, नोकरदार आणि उद्योजक अनेक वर्षे पाहत आहेत. या मार्गाच्या आखणीत एक मोठी अडचण ठरली ती नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. रेल्वेच्या आड येण्याइतके महत्त्व या दुर्बिणीला का आहे? याचे उत्तर शोधताना डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्यातील एका कमी परिचित बाजूपर्यंत जावे लागते. भाभा अणुऊर्जेसाठी ओळखले जातात. पण त्यांचा पहिला विषय होता आकाशातून येणारे वैश्विक किरण. त्यातील बहुतेक किरण फुटलेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतून येतात, असे आज मानले जाते.

फुटलेला तारा उजळत का राहतो?

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उडतात. हाच सुपरनोव्हा. उडालेला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरतो, भोवतीच्या विरळ वायूवर आदळतो आणि प्रचंड तापतो. तिथल्या चुंबकीय क्षेत्रात वेगवान इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. त्यामुळे तारा संपला तरी त्याचे अवशेष हजारो वर्षे उजळत राहतात. चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवलेल्या स्फोटाचा अवशेष, म्हणजे वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघ, आजही दुर्बिणीतून दिसतो. तो सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

भाभा या विषयाकडे कसे वळले?

त्यांना पाठवले होते इंजिनीअर व्हायला. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. वडील जहांगीर भाभा वकील होते, आत्या मेहेरबाई या दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने मेकॅनिकल इंजिनीअरिंग करावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. मोशीपासून चाकणपर्यंतच्या अनेक घरांत हा संवाद आजही ओळखीचा वाटेल.

केंब्रिजमध्ये मात्र भाभांना भौतिकशास्त्राने ओढून घेतले. इंजिनीअरिंगमध्ये आपला जीव रमणार नाही, असे त्यांनी वडिलांना पत्राने स्पष्ट कळवले. वडिलांनी मधला मार्ग काढला. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणित शिकण्याचा खर्च मी करतो. भाभांनी १९३० मध्ये ती अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग मिळवला.

त्यांनी नेमके काय शोधले?

अवकाशातून येणारे किरण वातावरणात शिरले की एकाच्या जागी असंख्य कणांचा वर्षाव होतो, हे प्रयोगांत दिसत होते. तो कसा होतो, याचे गणित भाभा आणि वॉल्टर हायटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणूजवळून जाताना गॅमा किरण सोडतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी तयार होते. मग ते दोघेही हेच करतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत साखळी वाढते आणि ऊर्जा विभागली जाऊन अखेर थांबते. ही मांडणी आजही वापरात आहे.

भारतात ते कसे थांबले?

योगायोगाने. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाल्यावर ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे रुजू झाले. तिथे त्यांनी वैश्विक किरणांच्या संशोधनाचा विभाग उभा केला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्धानंतर परदेशातील चांगले पद मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्याऐवजी मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी मदत मागितली. त्यातून १९४५ मध्ये टीआयएफआर ही संस्था सुरू झाली. फुगे सोडून उंचावरचे किरण मोजणे, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणे बसवणे, अशी कामे या संस्थेने केली.

मग रेडिओ दुर्बिणी कुठून आल्या?

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतून एकत्र काम करण्याचा प्रस्ताव पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये भाभांनी तारेने होकार कळवला. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये आले. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ छोट्या डिश कल्याणजवळ उभारून १९६५ मध्ये काम सुरू झाले.

पुढचा टप्पा भाभांना पाहता आला नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले भाभा त्यात होते. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण झाली. स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या राहिल्या. त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत.

किरणांचे कोडे सुटले का?

बऱ्याच अंशी. वैश्विक किरणांचा उगम सुपरनोव्हात असावा, असा अंदाज बाडे आणि झ्विकी यांनी १९३४ मध्येच मांडला होता. या किरणांत प्रोटॉन सर्वाधिक असतात. ते अवशेषांतच वेग घेतात, याचा ठोस पुरावा फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून २०१३ मध्ये मिळाला. भाभांनी स्वतः ताऱ्यांच्या अवशेषांवर काम केले नव्हते. पृथ्वीवर पोहोचलेल्या किरणांचे पुढे काय होते, हे त्यांनी सांगितले. अवशेषांत गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरी मात्र आज खोडदच्या डिश टिपतात.

रेल्वेशी याचा संबंध काय?

या लहरी अत्यंत क्षीण असतात. एखादा मोबाइल चंद्रावर ठेवला, तरी रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल. डोंगरांच्या आडोशाची, रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा म्हणून खोडद निवडले गेले. विजेवर वेगाने धावणाऱ्या गाड्यांनी हा गोंगाट वाढेल, अशी शास्त्रज्ञांची चिंता आहे. दुसरीकडे औद्योगिक पट्ट्याला रेल्वेची गरज आहे, हेही खरे.

दुर्बीण प्रत्यक्ष पाहायची असेल, तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. मोशीहून नाशिक रस्त्याने निघाल्यास एका दिवसात जाऊन येता येते.